त्रेचाळीसपैकी पाच आकडे

गेल्या वर्षी १ एप्रिलला सकाळी नऊच्या सुमारास मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पोहोचले, तेव्हा तिथल्या कार्यालयाच्या भिंतीवरील मोठ्या पडद्यावर ‘वेळेवर रवानगी ९६ टक्के’ हा आकडा हिरव्या चौकटीत दिसत होता. हा कारखाना वीज वितरणासाठी लागणारे छोटे ट्रान्सफॉर्मर बनवतो. कार्यालयाच्या मागच्या दाराने मी यार्डात गेले, तर तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. तेल भरलेले, रंग दिलेले, नेमप्लेट ठोकलेले ट्रान्सफॉर्मर एकमेकांना खेटून उभे होते आणि प्रत्येकाच्या टाकीवर खडूने ऑर्डरचा क्रमांक लिहिलेला होता. त्यांतले चार-पाच क्रमांक मी कागदावर टिपून घेतले आणि आत येऊन संगणकात शोधले. त्या सगळ्या ऑर्डरी २९ ते ३१ मार्चच्या दरम्यान वेळेवर रवाना झाल्याची नोंद होती.

तो डॅशबोर्ड, म्हणजे कारखान्याचे आकडे दाखवणारा तो पडदा, मीच तयार केलेला होता, त्यामुळे चूक कुठे आहे हे शोधायला मला वेळ लागला नाही. बिल तयार झाले की माल रवाना झाला, असे मी हिशेबात धरले होते. कारण बिलाची तारीख संगणकात आयती मिळत होती, तर ट्रक फाटकाबाहेर पडल्याची वेळ पहारेकऱ्याच्या वहीत लिहिली जात होती आणि ती वही कोणीच संगणकात उतरवून घेत नव्हते. वर्षअखेरीस बिले तयार झाली. पण ग्राहकाच्या तपासणी अधिकाऱ्याचे मंजुरीपत्र यायला उशीर झाला आणि ते आले तेव्हा गाड्या मिळेनात. माल जागेवर उभा राहिला आणि पडदा हिरवा राहिला. यात कोणी खोटे बोलले नव्हते. ज्या गोष्टीचे नाव त्या आकड्याला दिले होते ती गोष्ट तो मोजत नव्हता, आणि सोबत आणखी ४२ आकडे असल्यामुळे त्याच्याकडे रोखून पाहायला कोणाला सवड मिळाली नव्हती.

त्या दिवशी मला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील अपघाताची आठवण झाली. २८ मार्च १९७९ रोजी तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीत दाब कमी करण्यासाठी उघडलेला एक व्हॉल्व्ह परत बंद झालाच नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र तो बंद झाल्यासारखा दिसत होता. कारण तो दिवा व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष स्थितीला जोडलेला नव्हता, तर त्याला बंद होण्याचा जो विद्युतसंकेत दिला जातो त्याला जोडलेला होता. संकेत गेला होता, म्हणून दिवा तसे सांगत होता. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू-चमकू लागल्या, आणि त्या कल्लोळात महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय हे तिथल्या माणसांना वेगळे करता आले नाही. दोन तासांहून अधिक काळ भट्टी थंड ठेवणारे पाणी त्या व्हॉल्व्हमधून निघून जात राहिले आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. आमच्या यार्डात उभ्या राहिलेल्या मालाची या प्रसंगाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण दोष अगदी तोच होता. बिल म्हणजे दिलेला हुकूम, आणि फाटकाबाहेर गेलेला ट्रक म्हणजे घडलेली गोष्ट. मी हुकूम मोजत होते.

आता त्या ४३ आकड्यांविषयी. ते एका दिवसात गोळा झाले नव्हते. सुरुवातीला नऊ होते. मग विक्री विभागाने आपले चार मागितले, भांडाराने सहा मागितले, एका प्रदर्शनानंतर संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची संख्या आली, बँकेच्या पाहणीच्या वेळी आणखी तीन आले, आणि एकदा आलेला आकडा काढून टाका असे कोणी कधी म्हटले नाही. मागणाऱ्याला नकार देणे मला अवघड वाटत असे आणि आकडा जोडणे सोपे होते. पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवायच्या संगणकप्रणालीत आणखी एक चौकट बसवायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. विजेच्या वापराचा आकडा तर महिन्यातून एकदा, बिल आल्यावर बदलत असे. उरलेले २९ दिवस तो तसाच, पण रोज नव्याने पाहायचा असल्यासारखा झळकत असे. पडदा भरत गेला तसतशी अक्षरे बारीक होत गेली, आणि शेवटी सोमवारच्या बैठकीत लोक पडद्याकडे न बघता आपापल्या मोबाइलवरच्या स्वतःच्या एक्सेलमधून आकडे वाचू लागले. त्याच वेळी मी जागे व्हायला हवे होते.

पुढचे दोन आठवडे मी संगणकाला हात लावला नाही आणि विभागाविभागांत जाऊन बसले. वाइंडिंग विभागाचे, म्हणजे तार गुंडाळून कॉइली बनवणाऱ्या विभागाचे, प्रमुख निवृत्तीच्या जवळ आलेले आहेत. जन्माने बडोद्याचेच, घरात मराठी आणि कामावर गुजराती बोलणारे. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही आणि शिसपेन्सिलीचा तुकडा असतो. रोज सकाळी पाळी सुरू झाली की ते विभागातून एक फेरी मारतात आणि त्या दिवसाच्या तारखेपुढे तीन आकडे लिहितात. पहिला, ओव्हनमध्ये जायला तयार असलेल्या कॉइलींची संख्या. दुसरा, त्यांतली सर्वांत जुनी कॉइल किती दिवसांपासून पडून आहे. तिसरा, आदल्या दिवशी टेस्टिंगमधून किती नग परत आले. बस्स. कित्येक वर्षे ते हेच तीन आकडे लिहीत आले आहेत आणि त्यांच्या टेबलाच्या खणात अशा वह्यांचा गठ्ठा आहे.

मी त्यांना म्हणाले, “काका, कॉइल किती दिवस थांबते त्याची सरासरी पडद्यावर असतेच की. दोन दिवसांच्या आतच असते ती.”

“असेल ताई,” ते म्हणाले, “पण ओल सरासरीला धरत नाही. त्या मागे पडून राहिलेल्या एका कॉइलीला धरते.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कॉइलीतल्या तारेभोवती कागदाचे आवरण असते, आणि हा कागद हवेतला दमटपणा शोषून घेतो. म्हणून टाकीत बसवून तेल भरण्याआधी कॉइल ओव्हनमध्ये सुकवावी लागते. पावसाळ्यात बडोद्याच्या हवेत एखादी कॉइल आठ-दहा दिवस उघडी पडून राहिली, तर नेहमीच्या तासांत ती पुरती सुकत नाही, इन्सुलेशनची, म्हणजे त्या विद्युतरोधक आवरणाची, चाचणी बिघडते आणि तो नग पुन्हा उघडावा लागतो. काकांच्या वहीतला दुसरा आकडा वाढला की त्यांचा हात ताबडतोब त्या जुन्या कॉइलीकडे जातो. ती पुढे ढकलली जाते किंवा ओव्हनवाल्याला जास्त तास लावायला सांगितले जाते. म्हणजे आकडा, त्यामागचे कारण आणि त्यावर करायचे काम, या तिन्ही गोष्टी त्या एका ओळीत होत्या. माझ्या ४३ चौकटींतल्या फारच थोड्या चौकटींबद्दल मला असे म्हणता आले असते.

त्यानंतर मी प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या आकड्यांविषयी एकच प्रश्न विचारू लागले: “हा आकडा आज आहे त्याच्या दुप्पट झाला, किंवा निम्मा झाला, तर उद्या सकाळी तुम्ही काय वेगळे कराल?” या प्रश्नाला ‘चौकशी करू’, ‘लक्ष ठेवू’, ‘वरच्यांना कळवू’ ही उत्तरे मी धरली नाहीत. अमुक यंत्रावर दुसरी पाळी लावू, अमुक पुरवठादाराला फोन करू, अमुक ऑर्डर थांबवून तमुक पुढे घेऊ, असे ठाम काम ज्या आकड्यामागून निघाले तेवढेच आकडे मी यादीत ठेवले. कोणते पान किती वेळा उघडले गेले याची नोंद पॉवर बीआय ठेवतो, तीही मी काढून पाहिली. कित्येक पाने माझ्याखेरीज कोणीही उघडलेली नव्हती.

सर्वांत अवघड भाग तांत्रिक नव्हता. भांडाराच्या प्रमुखांनी गेल्या तीन वर्षांत भांडारातील नोंदी आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ मोठ्या कष्टाने जुळवून आणला होता, आणि ‘भांडाराची अचूकता’ हा आकडा आता कायमच चांगला असे. माझ्या प्रश्नाच्या कसोटीवर तो टिकत होता, पण रोजच्या पडद्यासाठी तेवढे पुरेसे नव्हते. तो घसरला तर ते काय करतील हे स्पष्ट होते, पण तो घसरत नव्हता, आणि रोज पाहण्याइतका तर मुळीच नाही. तो मुख्य पडद्यावरून काढायचा म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग आमचं काम दिसणार कुठं?” या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. हा पडदा माहितीसाठी आहे अशी माझी समजूत होती, पण लोक त्याला आपल्या कामाची पावती समजत होते आणि त्यात त्यांचे काहीही चुकत नव्हते. ज्याचे काम कायम नीट चालते त्याचा आकडा कधीच हलत नाही, आणि जो आकडा हलत नाही तो पडद्यावरून आधी जातो. म्हणजे चांगले काम करणाराच आधी दिसेनासा होतो. ही गोष्ट मला आजही बोचते. शेवटी असे ठरले, की तिमाही बैठकीत प्रत्येक विभागाने स्वतः निवडलेले दोन आकडे स्वतः उभे राहून मांडायचे. भांडाराचे प्रमुख पहिल्याच बैठकीत वीस मिनिटे बोलले, आणि सगळ्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. पडद्यावरच्या बारीक चौकटीने त्यांना ती वीस मिनिटे कधीच मिळवून दिली नसती.

एक आकडा पुरेसा असतो का, आणि कधी असतो, हे बडोदेकरांना मुद्दाम शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात मुसळधार लागली, की आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात दोनच गोष्टी विचारल्या जातात: आजव्याची पातळी किती आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या आजव्याच्या सरोवरातून पाणी सोडले, की काही तासांनी ते विश्वामित्रीतून शहरात येते. म्हणून आजव्याचा आकडा पुढे काय होणार ते सांगतो आणि पुलाचा आकडा आत्ता काय आहे ते सांगतो. २०२४च्या ऑगस्टअखेरीस नदी या पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आई तासातासाला हेच दोन आकडे विचारत होती, आणि प्रत्येक वेळी तिचा पुढचा प्रश्न ‘चढतंय की उतरतंय?’ हा असे. एकूण किती मिलिमीटर पाऊस झाला, वाऱ्याचा वेग काय, हे सगळे उपलब्ध होते. पण तळमजल्यावरचे धान्याचे डबे वर चढवायचे की नाहीत, हे त्यावरून ठरत नव्हते.

या दोन आकड्यांना जे बळ आहे, ते त्यांच्या सोबत्यांमुळे आहे. धोक्याची खूण ठाऊक आहे, दिशा ठाऊक आहे, आणि एका आकड्याचा परिणाम दुसऱ्यावर किती वेळाने होतो तेही अनुभवाने ठाऊक आहे. माझ्या पडद्यावरचे बहुतेक आकडे एकटेच उभे होते. ‘आजचे उत्पादन ३३’ म्हणजे चांगले की वाईट, कालपेक्षा वर की खाली, कोणत्या मर्यादेपलीकडे काळजी करायची, यातले काहीच त्या चौकटीत नव्हते. जागा नव्हती, कारण शेजारी दुसरी चौकट होती. आकडे कमी केल्याचा खरा लाभ हा आहे: उरलेल्या प्रत्येक आकड्याला त्याचे सोबती देता येतात.

मर्यादा कुठे आखायची, याविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवे. कारण इथे मी आणि कारखाना दोघांनीही बरेच नाहक कष्ट घेतले होते. रोज सुमारे ३५ ट्रान्सफॉर्मर चाचणीला येतात आणि जुन्या नोंदींवरून पाहता शंभरांत साधारण सहा पहिल्या चाचणीत नापास होतात. आम्ही १० टक्क्यांवर लाल रेघ मारली होती. ३५ पैकी चार नापास झाले की ११ टक्क्यांच्या वर जाते आणि चौकट लाल होते. आता, कारखान्यात काहीही बिघडलेले नसताना, केवळ योगायोगाने, एखाद्या दिवशी चार किंवा अधिक नग नापास होण्याची शक्यता किती? हिशेब केला तर ती सुमारे १६ टक्के निघते. आठवड्यात कामाचे सहा दिवस, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एकदा तो पडदा विनाकारण लाल होणार. आणि तो झाला की बैठक व्हायची, टेस्टिंगच्या पोरांना बोलावले जायचे, वाइंडिंगकडे बोट दाखवले जायचे, आणि दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप खाली आला की आपण ओरडलो म्हणून सुधारणा झाली, असे सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटायचे.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी संशोधकाने १९२४ साली पहिला नियंत्रण तक्ता मांडला. त्यातला विचार असा, की कोणत्याही प्रक्रियेत थोडा चढउतार अंगभूतच असतो आणि त्या चढउताराची व्याप्ती जुन्या नोंदींवरूनच काढता येते. आकडा त्या व्याप्तीच्या बाहेर गेला तरच काही वेगळे घडले आहे असे मानून शोध घ्यायचा. आमच्या बाबतीत त्याच्या रीतीने वरची मर्यादा दिवसाला १८ टक्के येते, म्हणजे ३५ पैकी सहा नग नापास झाले तरी तो नेहमीचा चढउतार ठरू शकतो. एवढी सैल मर्यादा व्यवस्थापकांना पटेना, आणि त्यांचे बरोबरच होते, कारण इतक्या सैल जाळीतून खरा बिघाडही निसटून जाईल. म्हणून आम्ही दिवसाऐवजी आठवड्याचा हिशेब धरला. आठवड्याला २१० नग धरले तर तीच मर्यादा ११ टक्क्यांच्या जवळ येते. आता तो आकडा आठवड्यातून एकदाच, शनिवारी संध्याकाळी बदलतो. तो लाल झाला की खरोखर काही शोधण्याजोगे असते. नव्या रीतीत पहिल्यांदा तो लाल झाला, तेव्हा कारण गास्केटच्या, म्हणजे टाकीचे सांधे घट्ट ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, नव्या खेपेत सापडले. टाक्यांतून तेल गळत होते आणि वाइंडिंगचा त्यात काहीही संबंध नव्हता.

मुख्य पडद्यावर अखेर पाच आकडे उरले. या आठवड्यात फाटकाबाहेर किती नग गेले आणि किती जायला हवे होते. यार्डात तयार नग किती उभे आहेत. सर्वांत उशीर झालेली ऑर्डर किती दिवस मागे आहे. पहिल्या चाचणीत नापास होणाऱ्यांचे साप्ताहिक प्रमाण. आणि मुदत उलटून गेलेली येणी. यातला तिसरा आकडा थेट काकांच्या वहीतून आला आहे. आधी तिथे ‘ऑर्डर पूर्ण होण्याचा सरासरी कालावधी’ होता. पाच ऑर्डरींना १२, १४, १५, १३ आणि ७१ दिवस लागले तर सरासरी २५ येते. ग्राहकाला कबूल केलेली मुदत ३० दिवसांची, त्यामुळे सरासरी समाधानकारक दिसते, आणि ७१ दिवस वाट पाहणारा ग्राहक तिच्यात बुडून जातो. पुढची ऑर्डर कोणाला द्यायची हे ठरवताना तो ग्राहक आमची सरासरी पाहणार नाही, स्वतःचे ७१ दिवस आठवेल.

उरलेल्या ३८ पैकी नऊ आकडे कोणत्याही पडद्यावर नाहीत, पण मोजले जातात. ओव्हनचे तापमान, तेलाचा साठा, कोअरसाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी, लागणाऱ्या विशेष पोलादी पत्र्याचा साठा, अशांसारखे ते आकडे आहेत. ते ठीक असताना पाहण्याजोगे काही नसते आणि बिघडले की थांबायला वेळ नसतो. मोटारीत वेगाचा काटा सतत समोर असतो, पण इंजिनातल्या तेलाचा दाब कमी झाला तरच दिवा लागतो; तीच वाटणी आम्ही केली. मर्यादा ओलांडली की एका ठरावीक माणसाच्या मोबाइलवर संदेश जातो. माणूस एकच, हा माझा आग्रह होता. पाच जणांना गेलेला संदेश कोणाचाच नसतो. नऊपेक्षा अधिक सूचना ठेवायच्या नाहीत, दहावी हवी असेल तर आधीची एक काढायची, हेही त्याच वेळी ठरवून घेतले. आणखी १४ आकडे विभागांच्या आपापल्या पानांवर किंवा महिन्याच्या अहवालात गेले. राहिलेले १५ बंद केले. ते बंद झाल्याचे दोन महिन्यांत एकाच माणसाच्या लक्षात आले, आणि त्याचा आकडा मी त्याला परत दिला.

पडद्याच्या रूपाविषयी थोडक्यात सांगते. गोल घड्याळासारखे काटे, गोल तुकड्यांचे आलेख आणि त्रिमितीय खांब मी काढून टाकले. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवून दिले, की एकाच मोजपट्टीवरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो, आणि कोन किंवा क्षेत्रफळ यांची तुलना करताना अधिक चुकतो. त्यामुळे आता मोठ्या अक्षरात आकडा, त्याखाली मागील १३ आठवड्यांची एक बारीक रेघ आणि तिच्यावर मर्यादेची तुटक रेघ, एवढेच असते. रंग फक्त मर्यादा ओलांडल्यावर येतो. पडदा बहुतेक दिवस काळा-पांढरा असतो, आणि मालकांना सुरुवातीला तो ओकाबोका वाटला.

पाचच आकडे ठेवल्याने एक नवा धोकाही निर्माण होतो, आणि तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली दाखवले होते, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब दिला, की त्याचा जुना भरवसा ढासळू लागतो. ४३ आकड्यांत हा दाब विखुरलेला असतो. पाचांत तो एकवटतो. तीन महिन्यांनी मला दिसले, की टेस्टिंगमधली मुले नोंदवहीत चाचणी लिहिण्याआधी एक ‘कच्ची’ चाचणी करून पाहत होती आणि नापास होणारा नग गुपचूप परत पाठवत होती. आकडा सुंदर झाला होता. मी त्यांच्यावर रागावले नाही, कारण लाल पडद्यामुळे आजवर बोलणी त्यांनीच खाल्ली होती. आम्ही मोजणीच बदलली: चाचणीच्या बाकावर नग पहिल्यांदा जोडला, की मीटर स्वतः वेळ आणि वाचन नोंदवतो, आणि तीच पहिली चाचणी धरली जाते. त्याबरोबर व्यवस्थापकांनी असेही कबूल केले, की या आकड्यावरून टेस्टिंगमधील कोणालाही जाब विचारला जाणार नाही. कारण दोष तिथे निर्माण होत नाही, तिथे तो सापडतो.

फाटकावर आता एक टॅबलेट आहे. ट्रक बाहेर पडताना पहारेकरी गाडीचा क्रमांक आणि नगांची संख्या त्यात भरतो, आणि ती नोंद झाल्याखेरीज रवानगी मोजली जात नाही. पहिल्याच महिन्यात ‘वेळेवर रवानगी’ ९६ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर आली. मालकांनी तो आकडा पाहिला, काही वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग तपासणी अधिकाऱ्यांच्या तारखा आधीपासून ठरवून घेण्यासाठी एका माणसाची नेमणूक केली.

गेल्या सोमवारी मी गेले होते, तेव्हा पडद्यावर यार्डातले नग ३१ होते. काका बैठकीला आले आणि दारातूनच म्हणाले, “ताई, एकतीस नाहीत, तेहतीस आहेत. आत्ताच मोजून आलोय.” आम्ही दोघे बाहेर गेलो आणि खडूचे क्रमांक वाचत वाचत एकेक नग यादीत ताडून पाहू लागलो. ते दोन जास्तीचे नग भिंतीकडेला ताडपत्रीखाली निघाले. ते ग्राहकाकडून दुरुस्तीसाठी परत आले होते. बाहेर जाणारा माल फाटकावर नोंदवला जात होता, पण आत येणाऱ्या मालासाठी टॅबलेटवर रकानाच नव्हता. एका नगाची नेमप्लेट गंजलेली होती. काकांनी रुमालाने ती पुसली, वर्ष वाचले, आणि हा आपल्याच विभागात गुंडाळलेला असल्याचे सांगितले. दुपारी मी पहारेकऱ्याच्या शेजारी बसून ‘परत आलेला माल’ हा रकाना जोडून दिला आणि त्याने ते दोन नग त्यात भरले.